आधी क्रीम की आधी जॅम? स्कॉन खाण्याच्या दोन रीती, पिठापासून पहिल्या घासापर्यंत

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला टेमर नावाची नदी आहे. तिच्या पूर्वेला डेव्हन, पश्चिमेला कॉर्नवॉल. दोन्हीकडे दुपारी टेबलावर तेच चार जिन्नस येतात: ताजे स्कॉन (ओव्हनमध्ये भाजलेले मैद्याचे छोटे, फुगीर, पावासारखे नग), स्ट्रॉबेरीचा जॅम, क्लॉटेड क्रीम (मंद तापवून काढलेली घट्ट साय) आणि किटलीभर चहा. या सगळ्याला मिळून ‘क्रीम टी’ म्हणतात. डेव्हनमध्ये स्कॉनवर आधी क्रीम लावतात आणि वर जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, मग क्रीम. भांडण म्हणाल तर एवढंच, पण ते कुणी सोडायला तयार नाही.

मार्च २०१८ मध्ये कॉर्नवॉलमधल्या लॅनहायड्रॉक या नॅशनल ट्रस्टच्या (ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या) जुन्या वाड्याने मदर्स डेच्या जाहिरातीत क्रीम खाली आणि जॅम वर असलेल्या स्कॉनचा फोटो टाकला. लोकांनी ट्रस्टचं सदस्यत्व सोडण्याच्या धमक्या दिल्या आणि शेवटी माफी मागावी लागली. निम्म्याहून अधिक चेष्टाच होती.

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. कुठला थर आधी बसेल हे स्कॉन किती गरम आहे, क्रीम किती घट्ट आहे आणि जॅम किती वाहता आहे यावर ठरतं. या तीन गोष्टी जमल्या तर दोन्ही रीती छान लागतात. त्या बिघडल्या तर दोन्ही फसतात, आणि दोष मात्र पलीकडच्या परगण्याला दिला जातो. म्हणून आधी तिन्ही जिन्नस नीट करू, लावण्याकडे मग वळू.

हॉटेलात मागवताना

ब्रिटनमध्ये गेलात तर तीन नावांत गल्लत होते. ‘क्रीम टी’ म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन स्कॉन, जॅम, क्रीम आणि चहा, बस्स. ‘आफ्टरनून टी’ म्हणजे तीन मजली ताटलीत सँडविच, स्कॉन आणि केक. तो बराच महाग असतो आणि अनेक ठिकाणी आधी नोंदवावा लागतो. ‘हाय टी’ हे नाव भारतातल्या हॉटेलांनी भपक्यासाठी उचललं आहे. ब्रिटनमध्ये तो कामकरी घरांतला संध्याकाळचा पोटभर जेवणाचा प्रकार होता.

अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं. पिठात अंडं नसलं तरी वरची चकाकी बहुधा फेटलेल्या अंड्याची असते. क्लॉटेड क्रीममध्ये दुधाशिवाय काही नसतं, आणि जॅम सहसा फळातल्याच पेक्टिनने (जॅम घट्ट करणाऱ्या घटकाने) धरलेला असतो.

चांगल्या चहाघरात क्रीम आणि जॅम वेगवेगळ्या वाट्यांत येतात, लावायचं काम तुमचं. आयते लावून आणलेले स्कॉन आले तर समजा की स्वयंपाकघराला घाई आहे.

स्कॉन: आठ नगांचं प्रमाण

मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर ३ सपाट चमचे (चहाचा चमचा), मीठ चिमूटभर, थंड बिनमिठाचं लोणी ५५ ग्रॅम, पिठीसाखर २५ ग्रॅम, थंड दूध १३० ते १५० मिली. घरात पाकिटातलं खारं बटरच असेल तर मीठ वगळा. ब्रिटनमध्ये सेल्फ-रेझिंग मैदा मिळतो, त्यात बेकिंग पावडर आधीच असते. तो वापरलात तर तीनऐवजी अर्धाच चमचा पावडर घाला, किंवा घालूही नका.

पावडर जुनी असेल तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून ती तपासून घ्या. अर्धा चमचा पावडर अर्धी वाटी गरम पाण्यात टाका. लगेच जोरात फसफसली तर ठीक. चार बुडबुडे येऊन थांबली तर टाकून द्या. पावडर संपली म्हणून तेवढाच खायचा सोडा घालू नका. तो पावडरीच्या कितीतरी पट जोरकस असतो, आणि आंबट काही नसेल तर स्कॉन साबणासारखे लागतात आणि अंगावर पिवळे डाग पडतात.

ओव्हन २२० अंशांवर लावा. छोट्या ओटीजीत वरची कांडी फार जवळ असते, तिथे २०० ते २१० पुरे, पण पंधरा मिनिटं आधी तापवायलाच हवा. स्कॉनची बरीचशी उंची पहिल्या काही मिनिटांत येते. कोमट ओव्हनमध्ये ते वर उठण्याऐवजी बाजूला पसरतात.

मैदा, पावडर आणि मीठ दोनदा चाळा. लोण्याचे छोटे तुकडे करून बोटांच्या टोकांनी पिठात चोळा, पीठ रवाळ दिसू लागलं की थांबा. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, इथे बरोबर उलट. लोण्याचे बारीक कण थंड आणि अख्खे राहिले तरच ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि आतला भाग मोकळा होतो. तळहात लावाल तर लोणी आधीच वितळेल आणि पीठ चिकट होईल. मे महिन्यात मुंबईत हे करायचं असेल तर मैद्याचं भांडं आणि लोणी दोन्ही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा गोठवलेलं लोणी किसणीवर किसून घाला. किसणीचा उपाय नवख्यांसाठी सगळ्यांत भरवशाचा.

पिठीसाखर मिसळा. मध्ये खळगा करून आधी १३० मिली दूध एकदम ओता आणि बोथट सुरीने कापत कापत ढवळा. कोरडं पीठ राहिलं तर एकेक चमचा दूध वाढवा. गोळा किंचित चिकट हवा. पोळीच्या कणकेसारखा गुळगुळीत झाला तर दूध कमी पडलं आहे किंवा तुम्ही तो मळला आहे. मळल्याने ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) ताणलं जातं, आणि मग स्कॉन चिवट होतो व बाहेर आल्यावर आक्रसतो. ओट्यावर पीठ भुरभुरून गोळा दोन-तीन वेळा हलक्या हाताने दुमडा, संपलं.

हातानेच थापून जाडी अडीच सेंटिमीटर ठेवा. लाटणं घेतलंत तर जाडी नकळत कमी होते, आणि नव्वद टक्के ‘माझे स्कॉन फुगलेच नाहीत’ या तक्रारीचं मूळ तिथेच असतं. दीड सेंटिमीटरचा गोळा फुगूनही बिस्किटच दिसतो.

कापायला पाच सेंटिमीटरचा धारदार कडेचा साचा घ्या, त्याची कड दर वेळी पिठात बुडवा. सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. फिरवू नका. फिरवलं की कडा घासून बंद होतात आणि स्कॉन एका बाजूला कलतो. स्टीलच्या पेल्याची कड बोथट असते, तीही अशीच कडा दाबून टाकते. साचा नसेल तर धारदार सुरीने चौकोन कापा. चौकोनात उरलंसुरलं पीठही राहत नाही. साच्याने कापल्यावर उरलेलं पीठ पुन्हा गोळा करून केलेले स्कॉन जरा वाकडे होतातच, ते घरच्यांना द्यावेत.

ताटात एकमेकांपासून एक सेंटिमीटरवर लावा. जवळ असले की एकमेकांना धरून वर चढतात. वरून दूध किंवा फेटलेलं अंडं ब्रशने लावा, पण बाजूंवर ओघळू देऊ नका, तिथे ते डिंकासारखं काम करतं. बारा ते चौदा मिनिटं भाजा. माथा सोनेरी आणि बाजू फिकट पण कोरड्या हव्यात. तळावर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. जाळीवर काढून वर स्वच्छ पंचा टाका, म्हणजे कड मऊ राहते.

बेदाणे घालावेत का, यावरही लोक भांडतात. घालायचे तर ५० ग्रॅम, साखरेबरोबर. पण क्रीम टीसाठी साधाच स्कॉन बरा: जॅमची गोडी असताना बेदाण्यांची गरज नाही.

क्लॉटेड क्रीम: सायच, पण शिस्तीत काढलेली

ही वस्तू बाहेर सहज मिळत नाही आणि तिच्यावाचून सगळा वादच निरर्थक आहे, म्हणून इथे जरा थांबू.

क्लॉटेड क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश असतो. ‘कॉर्निश क्लॉटेड क्रीम’ या नावाला १९९८ पासून युरोपीय संघाचं मूळस्थानाचं संरक्षण मिळालं आहे. त्यासाठी दूध कॉर्नवॉलमधलंच लागतं. वर सोनेरी जाड पापुद्रा आणि खाली चमच्यावर उभा राहणारा घट्ट मऊ थर हे तिचं रूप. फेटलेल्या क्रीममध्ये हवा असते. त्यावर जॅम ठेवला की हळूहळू आत बुडतो. त्यामुळे डेव्हनची रीत फेटलेल्या क्रीमवर करून बघणं आणि मग तिला नावं ठेवणं, हा अन्याय आहे.

*ओव्हनने.* ब्रिटनमध्ये असाल तर ४८ टक्क्यांचं डबल क्रीम ५०० मिली घ्या. रुंद काचेच्या भांड्यात चार-पाच सेंटिमीटर खोल ओता. झाकण न लावता ८० अंशांवर दहा ते बारा तास ठेवा. ढवळायचं नाही, हलवायचंही नाही. बाहेर काढून थंड झालं की रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी झाऱ्याने वरचा थर उचला. पाव किलोहून थोडी जास्त क्रीम मिळते. खाली राहिलेलं पातळ दूध फेकू नका, स्कॉनच्या पिठात दुधाऐवजी तेच घाला.

भारतातल्या ‘फ्रेश क्रीम’च्या पाकिटात २० ते २५ टक्केच स्निग्धांश असतो आणि वर स्थिरक मिसळलेले असतात, त्यामुळे थर नीट वेगळा होत नाही. ३५ टक्क्यांचं दुधाचं व्हिपिंग क्रीम चालतं, मिळणारा थर मात्र कमी. वनस्पती तेलाचं ‘व्हिप टॉपिंग’ कितीही तापवा, क्लॉट होणार नाही. घेताना पाकिटावर दूध लिहिलंय की तेल, तेवढं वाचा.

*म्हशीच्या दुधाने.* हा आपल्याकडचा सोपा रस्ता. पण दूध सुटं, गवळ्याकडचं हवं. पिशवीतलं दूध होमोजिनाइज्ड असेल तर त्यातले स्निग्ध कण इतके बारीक केलेले असतात की ते वर यायलाच मागत नाहीत.

तीन लिटर दूध रुंद, उथळ पातेल्यात ओतून बारा तास फ्रिजमध्ये ठेवा, मलई वर येते. आता पातेलं न हिंदकळवता गॅसवर ठेवा, खाली जाड तवा आणि सर्वांत मंद आच. दूध उकळू द्यायचं नाही. थर्मामीटर असेल तर ८० ते ८५ अंश. नसेल तर खूण अशी: पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात, कडेने बारीक मणी दिसतात, पण एकही बुडबुडा फुटत नाही. या अवस्थेत तासभर ठेवा. गॅस बंद करून दीड-दोन तास निवू द्या, मग रात्रभर फ्रिज. सकाळी थर अलगद उचला. दुधाला स्निग्धांश चांगला असेल तर पाव किलोच्या आसपास मिळेल.

रोजच्या सायीपासून हिचा फरक तापमानात आहे. दूध उकळलं की वरचा पापुद्रा चामट होतो आणि स्निग्ध भाग त्यात अडकण्याऐवजी तुपासारखा सुटून तरंगतो. क्रीमवर पिवळे थेंब दिसले तर आच जास्त झाली असं समजा. आणि आपण विरजणासाठी चार-पाच दिवस साय साठवतो, ती इथे चालत नाही, तिला आंबूस वास येतो. ही क्रीम फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवा.

जॅम

स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम, देठ काढून, मोठ्या असतील तर अर्ध्या करून. साखर ४०० ग्रॅम, लिंबाचा रस दोन मोठे चमचे. हिवाळ्यात महाबळेश्वरची फळं बाजारात असतात तेव्हा करून ठेवा, थोडी करकरीत, अर्धवट पिकलेली फळंही घ्या. पिकलेल्या स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं, लिंबू त्यासाठीच. फळं आणि साखर तीन-चार तास एकत्र ठेवा, मग साखर विरघळेपर्यंत मंद आणि त्यानंतर मोठ्या आचेवर उकळा. १०४ ते १०५ अंशांना तो होतो. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाकून बोटाने ढकला: सुरकुती पडली की झाला.

या लेखापुरतं महत्त्वाचं हे की जॅम चमच्यातून घसरावा, ओघळू नये. बाजारचे काही जॅम इतके घट्ट असतात की स्कॉनवर पसरवताना तो फाटतो. ते वाटीत काढून चमच्याने घोटून सैल करा. सॉससारखा वाहणारा जॅम असेल तर डेव्हनची रीत विसरा.

किती घ्यायचं

२०१३ मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या गणितज्ञ युजीनिया चेंग यांनी क्रीम टीचं प्रमाण मांडलं: वजनाने स्कॉन दोन भाग, जॅम एक, क्रीम एक. जॅम आधी लावावा असाही त्यांचा कौल होता. हे काम रॉडाज या कॉर्नवॉलच्या क्रीम बनवणाऱ्या कंपनीसाठी केलेलं होतं, त्यामुळे डेव्हनकरांनी त्यावर विश्वास का ठेवावा हा प्रश्नच आहे. प्रमाण मात्र चोख आहे. वरच्या कृतीतला स्कॉन भाजल्यावर साधारण ५० ग्रॅम भरतो. म्हणजे त्याला २५ ग्रॅम जॅम, २५ ग्रॅम क्रीम. एका अर्ध्या भागावर बारा-तेरा ग्रॅम, चहाचा एक भरगच्च चमचा. आठ स्कॉनांना दोन्ही २००-२०० ग्रॅम लागतील.

फोडणं आणि लावणं

स्कॉन नीट झाला असेल तर त्याच्या कंबरेला आडवी भेग दिसते. तिथे दोन्ही अंगठे टेकवून उघडा. सुरीने कापू नका. कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि त्यावरून सगळं घसरतं, फोडलेल्याला खडबडीत पकड असते. भेग नसेल तर सुरीच्या टोकाने कडेभोवती खूण करा आणि मग हाताने उघडा.

आता तापमान. दुधातला स्निग्धांश ३० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि चाळिशीला पोचेपर्यंत वितळलेला असतो. ओव्हनमधून काढून पाच मिनिटं झालेल्या स्कॉनचा आतला भाग त्याहून खूप गरम असतो. त्यावर थेट क्रीम लावली की ती तेल होऊन झिरपते, मग वर जॅम ठेवायला उरतं काय? डेव्हनच्या रीतीसाठी स्कॉन कोमट ते गार हवा, आतल्या भागाला बोट टेकवलं तर ऊब जेमतेम जाणवावी. साधारण पंचवीस-तीस मिनिटं थांबा. कॉर्नवॉलच्या रीतीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, कारण मध्ये जॅमचा थर असतो आणि क्रीमला उष्णता थेट लागत नाही. गरम स्कॉन आवडणारा माणूस नकळत कॉर्नवॉलच्या बाजूला जातो, तो असा.

*डेव्हनची रीत.* क्रीम फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी काढा, नाहीतर ती पसरवताना स्कॉनचा भुगा निघतो. उन्हाळ्यात मात्र वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवा. सुरीने कडेपर्यंत सारखी लावा, अर्धा सेंटिमीटर जाड. मग जॅमचा चमचा मधोमध टेकवा आणि पसरवू नका. पसरवायला गेलात की सुरी क्रीमला ओढते आणि गुलाबी चिखल होतो. फायदा असा की स्निग्ध थर स्कॉनचा पृष्ठभाग बंद करतो. जॅम आत मुरत नाही, म्हणून हा स्कॉन पंधरा-वीस मिनिटं ताटात राहिला तरी ओला होत नाही. आलेल्या पाहुण्यांसाठी आधीच लावून ठेवायचे असतील तर डेव्हनचीच रीत बरी.

*कॉर्नवॉलची रीत.* जॅम पातळ पसरवा, कडेला अर्धा सेंटिमीटर जागा सोडून. वर क्रीमचा गोळा चमच्याने ठेवा, सोनेरी पापुद्र्याचा तुकडा वर येईल असा. क्रीम दाबू नका. इथे चूक एकच होते: जॅमचा थर जाड होतो आणि चावताना क्रीम त्यावरून घसरून बशीत पडते. लावल्यावर लगेच खा, जॅम पाच-सात मिनिटांत आत मुरू लागतो. राजघराण्याचे माजी आचारी डॅरेन मॅकग्रेडी यांच्या सांगण्यानुसार एलिझाबेथ राणीही जॅमच आधी लावत असे.

दोन्हीकडे मान्य असलेले नियम थोडे आहेत. दोन अर्ध्या भागांचं सँडविच करायचं नाही. सामाईक वाटीतून जॅम-क्रीम आधी आपल्या बशीत घ्यायचं आणि मग आपल्या सुरीने लावायचं, वाटीत उष्टी सुरी घालायची नाही. स्कॉन चहात बुडवायचा नाही. आणि पाहुणे असाल तर नदीची कुठली बाजू आहे ते बघून वागायचं.

वाद घरीच मिटवून बघायचा असेल

प्रत्येक स्कॉनचे दोन अर्धे असतात, एक डेव्हन, एक कॉर्नवॉल. तेवढ्याने बहुतेकांचं समाधान होतं. पण चव खरंच वेगळी लागते का हे बघायचं तर डोळे बांधा आणि तीन तुकडे द्या: दोन एका रीतीचे, एक दुसऱ्या. वेगळा कुठला ते ओळखायचं. जॅम आणि क्रीम वजन करून सारखं, स्कॉन एकाच घाण्यातले आणि पूर्ण गार, तुकडे देणाऱ्यालाही क्रम माहीत नसावा. नुसत्या अंदाजाने तीनातून एक बरोबर येतंच, म्हणून सहा वेळा करा. पाच किंवा अधिक बरोबर आले तर मान्य करा, निव्वळ नशिबाने असं होण्याची शक्यता शंभरात दोनाहून कमी आहे. चार आले तर अजून पैज चालू ठेवायला हरकत नाही.

हे करताना आणखी एक खोड काढता येते. डेव्हनचा तुकडा उलटा धरून तोंडात घातला की जिभेला आधी जॅम लागतो. मग तो कोणत्या परगण्याचा?

जुना पुरावा कोणाकडे?

डेव्हनचे लोक टॅव्हिस्टॉकच्या मठाचा दाखला देतात: दहाव्या-अकराव्या शतकात तिथल्या भिक्षूंनी मजुरांना पाव, क्लॉटेड क्रीम आणि स्ट्रॉबेरीचा मुरांबा दिला म्हणे. सावधपणे घ्यावं. त्या काळी इंग्लंडात साखर जवळजवळ नव्हतीच, आणि आजची मोठी स्ट्रॉबेरी अठराव्या शतकातल्या संकरातून आली. पाव आणि क्रीम असेल, आजचा जॅम नसणार.

खुद्द स्कॉनही तितका जुना नाही. स्कॉटलंडमध्ये तो तव्यावर भाजायचा, ओटच्या पिठाचा चपटा प्रकार होता. एकोणिसाव्या शतकात बेकिंग पावडर आली आणि तो फुगला. नैऋत्येकडे तर पूर्वी क्रीम आणि जॅम यीस्टच्या मऊ ‘स्प्लिट’ पावावर खात. त्याच पावावर क्रीम आणि काळा सिरप घातला की त्याला ‘थंडर अँड लाइटनिंग’ म्हणतात. मिळाला तर जरूर खा.

उच्चाराचंही भांडण आहे: कुणी ‘स्कॉन’, कुणी ‘स्कोन’. स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळे ‘स्कॉन’ म्हणतात. तिथल्या ज्या गावाच्या नावाचं स्पेलिंग हेच आहे, त्याचा उच्चार मात्र ‘स्कून’.

चहा आणि उरलेले स्कॉन

कपाला एक चमचा पानाचा चहा, उकळतं पाणी, झाकून चार मिनिटं. दूध वरून, थोडं. आलं-वेलची घालून उकळलेला चहा एरवी कितीही प्रिय असला तरी इथे तो क्रीमची चव झाकतो. कपात दूध आधी की चहा आधी, हा आणखी एक वाद आहे. किटलीत भिजवलेल्या चहाला त्याने फारसा फरक पडत नाही.

स्कॉन त्याच दिवशी खावेत. उरले तर लगेच डब्यात घालून गोठवा, महिनाभर राहतात. खायच्या वेळी न वितळवता १६० अंशांवर दहा मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ते आधी मऊ आणि दोन मिनिटांत दगड होतात. पिठाचे कच्चे कापलेले स्कॉनही गोठवता येतात: थेट ओव्हनमध्ये घाला आणि तीन-चार मिनिटं जास्त भाजा.